दोन टींना हरवता येईल का? पटिंगच्या सरावाचं साधन घडवताना

पटिंगच्या, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच घरंगळवत भोकात घालण्याच्या, सरावाचं उत्तम साधन प्रत्येक गोल्फरच्या खिशात आधीपासूनच असतं. लाकडाच्या दोन टी (पहिल्या फटक्याआधी चेंडू ज्यावर ठेवतात त्या छोट्या खुंट्या) घ्यायच्या, चेंडूपुढे हातभर अंतरावर खोचायच्या, मधून चेंडू जेमतेम जाईल एवढी फट ठेवायची आणि मारत राहायचं. टायगर वूड्ससारखा खेळाडूही पटरच्या (पटिंगच्या काठीच्या) दोन्ही बाजूंना टी खोचून वर्षानुवर्षं सराव करत आला आहे. तुमच्या डोक्यात जे नवं साधन घोळतंय, त्याची खरी स्पर्धा या दोन टींशी आहे. हा लेख गोल्फ शिकवणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात मी हा एकच मापदंड शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे: टींना जे जमत नाही असं तुमचं साधन काय करतं, आणि साधन काढून घेतल्यावर शिकणाऱ्याजवळ काय उरतं?

शिकवता शिकवता एखादी वस्तू सुचणं आपल्या पेशात नवं नाही. जीन साराझेन हा पेशानं गोल्फ प्रोफेशनल. बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, निब्लिक या जुन्या लोखंडी काठीची (क्लबची) धार वाळूत रुतते हे त्याला खटकत होतं. त्यानं क्लबच्या बुडाला धातू झाळून ते जाड केलं, कानशीनं घासलं, वाळूत जाऊन मारून पाहिलं, परत येऊन पुन्हा घासलं. १९३२ साली तोच सँड वेज घेऊन तो प्रिन्सेसच्या मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकला. त्याला खटकणारी गोष्ट एकच होती आणि कार्यशाळेतून वाळूत, वाळूतून पुन्हा कार्यशाळेत अशा त्याच्या असंख्य खेपा झाल्या. आपल्यालाही त्याच वाटेनं जायचं आहे.

पहिली पायरी: एकच चूक निवडा

‘माझे पट बाहेर जातात’ ही शिकणाऱ्याची तक्रार असते. त्यातून चूक शोधून काढणं हे आपलं काम. सपाट जागेवरचा दोन मीटरचा सरळ पट चुकला तर कारणं साधारण चार: निशाणाच चुकीचा धरला, चेंडूला लागताना पटरचा फेस (चेंडूला लागणारी सपाट बाजू) वळलेला होता, पटरचं डोकं तिरक्या वाटेनं आलं, किंवा चेंडू फेसच्या मध्याऐवजी टोकाकडे वा टाचेकडे लागला. वेग आणि ग्रीनचा (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागेचा) उतार वाचणं हे विषय निराळे. एकाच वस्तूत सगळं कोंबायचा मोह होतो. तो टाळा. आरसा, रूळ, दोरा, फाटक आणि उतार मोजायचा बुडबुडा एकाच पाटावर बसवलेली वस्तू मी स्वतः एकदा बनवली होती. शिकणारे तिच्याकडे पाहत राहायचे आणि चेंडूकडे त्यांचं लक्षच जायचं नाही.

चारही कारणं घरगुती उपायांनी वेगळी करता येतात. निशाण्यासाठी ग्रीनवर खडूच्या दोरीनं सूत मारा, शिकणाऱ्याला त्या रेषेवर पटर लावायला सांगा आणि फेसला सुताराचा गुण्या टेकवून पाहा. कोन चुकला असेल तर लगेच दिसतो. चेंडू फेसवर कुठे लागतो हे कळायला फेसवर थोडी पावडर मारा, प्रत्येक ठोक्याचा ठसा उमटतो. पटरची वाट मागून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिसते. या तिन्हीत दोष सापडला नाही आणि तरीही चेंडू रेषेवरून निघत नसेल, तर दोष फेसमध्ये आहे.

बाजारातली बरीच साधनं इथेच वाट चुकली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चेंडू कोणत्या दिशेनं निघणार हे पटिंगमध्ये मुख्यतः फेस ठरवतो. पाचात चार हिश्श्यांहून अधिक वाटा त्याचा, उरलेला पटरच्या वाटेचा. म्हणजे पटर २ अंश तिरका आला पण फेस सरळ राहिला, तर चेंडूची दिशा अर्ध्या अंशानंही बिघडत नाही. तरीही पटरला दोन रुळांत जखडून सरळ मागे-पुढे चालवणारी साधनं उदंड आहेत. पटरची दांडी उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेली असली पाहिजे असा साहित्याचा नियमच आहे. कललेल्या दांडीचं डोकं स्वाभाविकपणे किंचित कमानीत फिरतं. त्याला सरळ रुळात कोंबलं की हात ती वाट टिकवण्यासाठी मनगट वळवतात आणि फेस आणखी बिघडतो. वाटेची चूक खरंच मोठी असेल तरच वाटेवरचं साधन बनवा.

निवडलेली चूक एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. उदाहरणासाठी मी पुढे हेच वाक्य धरतो: ‘फेस वळल्यामुळे चेंडू ठरवलेल्या रेषेवरून निघत नाही.’ आणि त्यासाठीचं साधन म्हणून फाटक, म्हणजे मधून चेंडू जेमतेम जाईल एवढी फट असलेले दोन उभे पाय.

दुसरी पायरी: हाताशी असेल त्यातून नमुना

पहिल्या नमुन्यावर एका दुपारहून जास्त वेळ घालवू नका. पुठ्ठा, वाळलेल्या फांद्या, पेन्सिली, चिकटपट्टी काहीही चालेल. नमुना सुबक झाला की त्याच्यावर जीव जडतो आणि मग तो मोडवत नाही. या टप्प्यावर एकच गोष्ट पाहायची: चूक झाली की शिकणाऱ्याला ती आपण न सांगता कळते का?

नमुना वेगवेगळ्या पातळीच्या पाच-सहा जणांच्या हाती द्या आणि दहा पावलं मागे उभे राहा. बोलू नका. आपल्याला हे फार जड जातं, कारण समजावून सांगणं हाच आपला पेशा. पण साधन घरी जाणार आहे आणि तिथे आपण नसणार. पहिल्या दहा चेंडूंत त्यानं काय समजून घेतलं ते नंतर त्याच्याच तोंडून ऐका. ‘चेंडू डावीकडच्या पायाला लागला म्हणजे माझा फेस डावीकडे होता’, असं उजव्या हातानं खेळणारा स्वतःहून म्हणाला तर कल्पनेत दम आहे. ‘हे कशासाठी आहे?’ असं त्यानं विचारलं तर सुधारणा आपल्याला करायची आहे, त्याला नाही.

वहीत रोज तारीख घालून नोंद करा: काय बदललं, का बदललं, कोणी वापरलं, काय घडलं. ही वही पुढे दोन ठिकाणी उपयोगी पडते, चाचणीत आणि पेटंटच्या अर्जात.

तिसरी पायरी: फट किती ठेवायची?

इथे गणित करावंच लागतं आणि तेच पूर्ण साधनाचा आत्मा आहे. नियमानुसार चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, कपचा, म्हणजे भोकाचा, व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू १ अंश चुकीच्या दिशेनं निघाला तर ३ मीटरवर त्याचा मध्य रेषेपासून ५२ मिलिमीटर सरकलेला असतो. कपची त्रिज्या ५४. म्हणजे १ अंशाच्या चुकीनं ३ मीटरवरचा पट अगदी काठावर जातो आणि अगदी मरत मरत आलेला चेंडूच आत पडू शकतो. अर्ध्या अंशाची चूक झाली तर सरक २६ मिलिमीटर राहते आणि वेग योग्य असेल तर चेंडू पडतो. ३ मीटरच्या पटासाठी दोन्ही बाजूंना अर्धा अंश हे चांगलं लक्ष्य आहे. (जगातले अव्वल व्यावसायिकसुद्धा साधारण २.४ मीटरवरून निम्मेच पट आत घालतात. घरी सराव करणाऱ्याला हे जरूर सांगावं, त्यानं त्याची स्वतःवरची चिडचिड बरीच कमी होते.)

आता फाटक चेंडूपुढे ५० सेंटिमीटरवर ठेवलं असं समजा. त्या अंतरावर अर्धा अंश म्हणजे ४.४ मिलिमीटर. चेंडूच्या दोन्ही बाजूंना तेवढी मोकळीक द्यायची तर फट ५१.५ मिलिमीटर हवी. १ अंशाची मुभा द्यायची तर ६० मिलिमीटर. फार चांगल्या खेळाडूसाठी ०.३ अंशावर आणायची तर ४८ मिलिमीटर. हेच ५१.५ चं फाटक २५ सेंटिमीटरवर आणलं की मुभा थेट १ अंश होते. म्हणून ‘आमचं फाटक इतक्या मिलिमीटरचं’ या वाक्याला अंतराशिवाय काहीच अर्थ नाही, आणि अंतर शिकणाऱ्याच्या अंदाजावर सोडलं की साधन रोज वेगळं बोलतं.

दोन टींची कमजोरी नेमकी इथे आहे. त्या दर वेळी नजरेच्या अंदाजानं खोचल्या जातात. आज फट ५० मिलिमीटर, उद्या ५६. आज अंतर हातभर, उद्या दीड हात. माती मऊ असेल तर चार चेंडू लागल्यावर टी कलते. टी सांगते ते खरं असतं, पण काल सांगितलेलं आणि आज सांगितलेलं ताडून पाहता येत नाही. तुमच्या साधनानं फट, अंतर आणि चेंडूची जागा या तीन गोष्टी दर वेळी अचूक तशाच ठेवल्या, तर त्यानं टींवर पहिली कुरघोडी केली.

चेंडूची जागाही तेवढीच नेमकी लागते. ५१.५ च्या फाटकापुढे चेंडू रेषेपासून फक्त २ मिलिमीटर बाजूला ठेवला, तर एका बाजूची मुभा सुमारे पाव अंशावर येते आणि दुसऱ्या बाजूची पाऊण अंशाच्या जवळ जाते. मुभेत बसणारा चेंडू अडतो, मुभेबाहेरचा सुटतो. शिकणाऱ्याला खोटा कौल देणारं साधन नसलेलं बरं. म्हणून चेंडूला बसायला ठरलेली जागा हवी. पातळ चकतीला ७-८ मिलिमीटरचं भोक पाडलं की चेंडू त्यात ०.३ ते ०.४ मिलिमीटर बसतो. तेवढ्यानं तो जागेवर राहतो आणि निघताना उडीही मारत नाही. भोक याहून मोठं केलं की चेंडूला कडेवरून चढून निघावं लागतं, आणि मग तुम्ही पटिंगऐवजी अडथळ्यांची शर्यत शिकवू लागता. चकती कागदाइतकी नको, जाड तर मुळीच नको. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची मला सगळ्यात चांगली वाटली.

चौथी पायरी: आकार

फाटकाचे दोन पाय एकमेकांपासून ठरावीक अंतरावर राहायचे तर ते कुठेतरी जोडावे लागणार. खालून पट्टीनं जोडले तर चेंडू पट्टीवरून जाताना हलतो. माझं उत्तर वरून जोडणं: कमान करायची. आतली उंची ६० मिलिमीटर ठेवली की चेंडू थोडा उसळला तरी वर लागत नाही. पायांखाली लहान टोकं ठेवा, ग्रीनमध्ये टीइतकीच घुसतील अशी, नाहीतर ग्रीनकीपर साधन ग्रीनवर आणू देणार नाही आणि त्याचं बरोबरच असेल. घरच्या कार्पेटसाठी रबरी बूड असलेले वेगळे पाय द्या.

पाय गोल सळईचे असू द्या. पहिल्यांदा मी सपाट पट्ट्यांचे, चेंडूच्या वाटेच्या दिशेनं लांब पाय केले होते. दिसायला देखणे होते. पण चेंडू पट्टीला घासून आत वळायचा आणि पुढे सरळ जायचा. शिकणारा खूश, चूक तशीच. फाटक लांब झालं की त्याची नळी होते आणि नळी चूक लपवते. गोल सळईला चेंडू लागला की तो सरळ बाजूला फेकला जातो, शंकेला जागाच राहत नाही. सळईचा व्यास ६ ते ८ मिलिमीटर पुरतो.

फट मोजताना कॅलिपर जमिनीलगत लावू नका. चेंडू सगळ्यात रुंद असतो तो जमिनीपासून २१ मिलिमीटर उंचीवर. पाय जरा जरी बाहेर कललेले असले तरी खालचं माप आणि या उंचीवरचं माप वेगळं येतं. चेंडूला कळतं ते वरचंच.

तीन कमानी द्याव्यात की एक सरकती? मी बराच काळ सरकती करत होतो, स्क्रूवर फट बदलणारी. स्क्रू सैल होतो, खुणा पुसट होतात, आणि शिकणारा वाईट दिवशी हळूच फट वाढवतो. ६०, ५१.५ आणि ४८ मिलिमीटरच्या तीन पक्क्या कमानी, तीन रंगांत, हा पर्याय जास्त प्रामाणिक आहे. सरकता भाग जितका कमी तितकं साधन विश्वासाचं. ग्रीनचा वेग मोजायचं स्टिंपमीटर पाहा. एडवर्ड स्टिंपसननं १९३५ च्या यूएस ओपननंतर ते लाकडात बनवलं, यूएसजीएनं (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं) पुढे त्याचा ॲल्युमिनियमचा अवतार काढून १९७८ पासून ग्रीनकीपरांना दिला. खाच असलेली एक पन्हळ, एवढंच ते आहे. पन्हळ हळूहळू उचलायची, सुमारे २० अंशांवर चेंडू खाचेतून आपोआप सुटतो. सोडणाऱ्याच्या हाताचा त्यात काही हात राहत नाही, म्हणून ते इतकी दशकं टिकलं.

आवाजाबद्दल थोडं. १९५९ मध्ये कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरनं बनवलेल्या पटरमधून चेंडू लागताच ‘पिंग’ असा नाद यायचा आणि त्यावरूनच कंपनीचं नाव पडलं. पट मारताना नजर चेंडूच्या जागी स्थिर ठेवायला आपण शिकवतो, मग फाटकाकडे पाहायला कसं सांगणार? कानाला कळलं पाहिजे. धातूची सळई टण् करते, प्लास्टिकची गप्प राहते. डावा आणि उजवा पाय वेगळ्या जाडीचे करून दोन वेगळे सूर मिळाले तर डोकं न उचलता चुकीची बाजूही कळते. मी हे करून पाहिलं आणि तिथूनच मला वाटू लागलं की हे साधन टींना हरवू शकतं.

पाचवी पायरी: खरी चाचणी

साधन लावून पट चांगले पडतात, याला चाचणी म्हणत नाहीत. कुबडी घेऊन सगळेच चालतात. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये कौशल्य शिकण्याबद्दल जे मांडलं ते प्रत्येक साधन बनवणाऱ्यानं लक्षात ठेवावं: प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून मिळणारी माहिती त्या वेळी कामगिरी सुधारते, पण माणूस तिच्यावर विसंबायला लागतो, आणि ती काढून घेतली की सुधारणा ओसरते. म्हणून चाचणी साधनाशिवाय आणि काही दिवसांनी घ्यायची.

माझी पद्धत अशी. शक्य तितके शिकणारे गोळा करा आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या दिवशी सगळ्यांचे साधनाविना पट मोजा. पुढचे दोन आठवडे एक गट तुमच्या साधनावर सराव करेल, दुसरा गट दोन टींवर, वेळ आणि चेंडू दोघांना सारखेच. मग तीन दिवस पूर्ण विश्रांती. त्यानंतर पुन्हा साधनाविना मोजणी, आणि दुसऱ्या अंतरावर, हलक्या उतारावर आणखी एक मोजणी. या शेवटच्या दोन आकड्यांत दोन गटांत फरक दिसला नाही तर साधन कितीही देखणं असो, ते अजून तयार नाही.

काय मोजायचं? फक्त ‘किती पडले’ मोजलंत तर फसाल. ज्याचे २० पैकी सरासरी १२ पडतात, त्याचे निव्वळ योगायोगानं एका दिवशी १० आणि दुसऱ्या दिवशी १४ पडू शकतात. २० चेंडूंवरून १२ चे १५ झाले म्हणून पेढे वाटू नका. एकतर प्रत्येकाचे १०० चेंडू मोजा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे निघण्याची दिशा मोजा. चेंडूपुढे ५० सेंटिमीटरवर मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदाची पातळ पट्टी आडवी ठेवा, मागून मोबाइलवर स्लो मोशन चित्रीकरण करा आणि चेंडूचा मध्य मध्यरेषेपासून किती सरकला ते लिहा. ‘पडला-नाही पडला’ यात एक कणभर माहिती असते, ‘डावीकडे ६ मिलिमीटर’ यात कितीतरी जास्त. डावी-उजवी सरासरी आणि विखुरणं, दोन्ही पाहा. सरासरी सुधारली पण विखुरणं तेवढंच राहिलं, तर शिकणाऱ्यानं निशाणा बदलला आहे, फेस नाही.

दर दिवशी ग्रीनचा वेग नोंदवा. स्टिंपमीटर नसेल तर कोणतीही पन्हळ चालेल, फक्त चेंडू दर वेळी त्याच उंचीवरून सुटला पाहिजे. कालच्या आणि आजच्या ग्रीनची तुलना करण्यापुरतं ते पुरेसं आहे.

एक दुष्परिणाम हमखास दिसतो, तो आधीच सांगतो. फाटक समोर आलं की लोक जोरात मारायला लागतात, कारण वेगवान चेंडू गवताच्या खोडीला भीक घालत नाही. पण कपच्या मध्यावरून सेकंदाला साधारण १.३ मीटरहून जास्त वेगानं जाणारा चेंडू पलीकडच्या काठाला पोहोचेपर्यंत आपल्या त्रिज्येएवढाही खाली उतरत नाही. गुरुत्वाकर्षणाला तेवढा वेळच मिळत नाही. आणि मध्यापासून जरा सरकलेल्या चेंडूसाठी ही मर्यादा आणखी खाली येते. पटिंगवर संशोधन करणाऱ्या डेव्ह पेल्झनं कपपलीकडे सुमारे ४३ सेंटिमीटरवर थांबेल असा वेग सुचवला, तो सरावासाठी चांगला आहे. म्हणून सरावात कपमागे तेवढ्या अंतरावर एक आडवी दोरी टाकायला सांगा. फाटकातून गेलेला आणि दोरीच्या अलीकडे राहिलेला पटच मोजायचा.

कुबडी सुटावी म्हणून सरावाची आखणी साधनासोबतच द्यावी लागते. पहिले दोन दिवस सलग फाटकातून. मग पाच चेंडू फाटकातून, पाच फाटकाविना, आणि फाटकाविना मारलेल्या प्रत्येक चेंडूनंतर तोंडानं सांगायचं: ‘डावीकडून निघाला’ किंवा ‘सरळ’. नंतर दर दहा चेंडूंत दोनदाच फाटक, तेही अंतर बदलत बदलत. शिकणाऱ्याचा स्वतःचा अंदाज आणि फाटकाचा कौल जुळायला लागले की ६० ची कमान काढून ५१.५ ची द्यायची.

सहावी पायरी: दाखवण्याआधी अर्ज

साधन टींना हरवतं हे दिसलं की ते सगळ्यांना दाखवण्याची घाई होते. थांबा. बहुतेक देशांत पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्जाआधी तुम्ही तो स्वतः जाहीर केलात तरी नवेपणा गेला असं धरतात. युरोपात हा नियम कडक आहे. अमेरिकेत शोधकर्त्याला स्वतःच्या जाहीर करण्यानंतर एक वर्षाची मुदत मिळते, पण २०१३ पासून तिथेही आधी अर्ज करणाऱ्याचाच हक्क धरला जातो. चाचणीतल्या शिकणाऱ्यांकडून गोपनीयतेच्या साध्या करारावर सह्या घ्या आणि त्या काळात चित्रफिती कुठेही टाकू नका.

आधी जुनी पेटंटं शोधा. एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स ही तिन्ही संकेतस्थळं कुणालाही मोफत वापरता येतात. गोल्फच्या सरावसाधनांचा वर्ग ए६३बी ६९/३६ आहे, त्यातला ६९/३६७६ खास पटिंगचा. दोन संध्याकाळी तिथे बसा. आपली कल्पना कुणीतरी दशकांपूर्वी नोंदवलेली सापडली तर मन खट्टू होतं, माझंही झालं होतं. पण बहुतेक वेळा मूळ कल्पना जुनी निघते आणि आपला विशिष्ट भाग नवा राहतो. उदाहरणार्थ फाटक जुनं, पण दोन पायांचे दोन सूर नवे असू शकतात. दावे त्याच भागावर लिहायचे.

सुरुवातीला प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करता येतो, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून याच १२ महिन्यांत दुसऱ्या देशांतही अर्ज केला तर मूळ तारीख धरली जाते. पेटंटची मुदत साधारणपणे अर्जापासून २० वर्षं. दाव्यांची भाषा पेटंट एजंटकडून तपासून घ्या, इथे काटकसर करू नका. तुम्ही एखाद्या क्लबच्या किंवा अकादमीच्या नोकरीत असाल तर करारात शोधांवरच्या हक्काबद्दल काय लिहिलं आहे ते अर्जाआधी वाचा.

पेटंट म्हणजे अभेद्य किल्ला असं मात्र समजू नका. आपल्या या दोन टींचीच गोष्ट घ्या. जॉर्ज ग्रँट या दंतवैद्यानं लाकडी टीचं पेटंट १८९९ मध्ये घेतलं, पण ती विकली नाही, मित्रांना वाटली. १९२० च्या दशकात विल्यम लॉवेल या दुसऱ्या दंतवैद्यानं ‘रेडी टी’ बाजारात आणली, वॉल्टर हेगनसारख्या नामांकित खेळाडूनं ती वापरली आणि ती घरोघरी पोहोचली. नकला इतक्या आल्या की लॉवेलला त्या थोपवता आल्या नाहीत. तेव्हा पेटंट घ्या, पण भिस्त माप अचूक ठेवण्यावर आणि सोबतच्या सरावक्रमावर ठेवा. वस्तूची नक्कल सहज होते, त्यामागचं शिकवणं तसं उचलता येत नाही.

उरलेल्या गोष्टी

साहित्य: त्रिमितीय छपाईयंत्रावर काढलेला पीएलए या प्लास्टिकचा नमुना चाचणीला ठीक, पण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडतो आणि उन्हात बंद मोटारीत ठेवलेली कमान वाकते. विक्रीसाठी स्टेनलेस स्टीलची सळई किंवा ॲल्युमिनियम. रंग मॅट असावा, चकाकी डोळ्यात येते.

नियम: फेरी चालू असताना सरावाचं साधन वापरायला गोल्फच्या नियम ४.३ नुसार मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला सर्वसाधारण दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या स्पर्धेत) दोन स्ट्रोक, आणि दुसऱ्याला बाद. हे पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक छापा. तुमच्या साधनामुळे कुणाची फेरी वाया गेली असं होऊ नये.

पत्रकात चित्रं जास्त, मजकूर कमी. जमिनीवर मांडायची पद्धत, तीन कमानींचा क्रम, दोन आठवड्यांचा सरावक्रम आणि साधनाविना मोजणी लिहायला रिकामा तक्ता. हा तक्ता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे विकत घेणाराही तीच चाचणी देतो जी आपण दिली.

पहिली खेप लहान काढा आणि प्रत्येक कमानीवर क्रमांक कोरा. पाठवण्याआधी प्रत्येकीची फट २१ मिलिमीटर उंचीवर मोजून वहीत लिहा. तीन महिन्यांनी त्यातल्या काही कमानी परत मागवून पुन्हा मोजा. ५१.५ ची कमान ५३ झालेली आढळली तर तिची मुभा अर्ध्या अंशावरून ०.६ अंशावर गेली आहे. तेव्हा पुढची खेप काढण्याआधी सळई जाड करा किंवा कमानीचा खांदा भक्कम करा, आणि ज्यांच्याकडे जुनी कमान आहे त्यांना स्वतःहून बदलून द्या.